इथलं पाणी कुठं जाणार?

सिव्हिलचं शेवटचं वर्ष संपत आलं की नाशिकची मुलं हमखास विचारतात, "दादा, हायवे डिझाइनमध्ये जायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" सिव्हिल थ्रीडी शिका, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. माझी पहिली फजिती मात्र सॉफ्टवेअर उत्तम येत असतानाच झाली.

द्रुतगती मार्गाचं सगळं गणित वेगापासून सुरू होतं. ताशी 120 किमी म्हणजे सेकंदाला 33 मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत आपण अडीच सेकंद धरतो, तेवढ्यात गाडी 83 मीटर पुढे गेलेली असते. त्यात ब्रेकचं अंतर मिळवलं की साधारण 250 मीटर रस्ता मोकळा दिसायलाच हवा. वळणाची त्रिज्या तर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. बाहेरची कड 7 टक्के उचलली तरी 120 ला सुमारे 670 मीटर लागते, 150 ला हजाराच्या वर. समृद्धी सपाटीवर 150 धरून आखलाय, म्हणून सिन्नरकडून भरवीरला जाताना वळण कधी आलं नि गेलं ते कळत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वळणाचं प्रोफाइल केलं; त्रिज्या चोख, एसएसडी (ब्रेक लावून थांबायला लागणारं ते मोकळं अंतर) चोख. साहेबांनी प्रिंट टेबलावर पसरली, चहाचा कप कोपऱ्यावर ठेवला आणि एका चेनेजवर, म्हणजे रस्त्याच्या लांबीतल्या एका ठिकाणावर, पेन्सिलने गोल काढला. "इथलं पाणी कुठं जाणार रे?"

सरळ डांबरी रस्त्याला अडीच टक्के कॅम्बर, म्हणजे आडवा उतार, असतो, पाणी बाहेरच्या कडेला जातं. वळणात बाहेरच्या कॅरेजवेचा (एका दिशेच्या लेनचा) उतार उलटा करावा लागतो. एका बाजूचे अडीच टक्के दुसऱ्या बाजूला नेताना मध्ये कुठेतरी उतार शून्य होणारच. मातीकाम वाचावं म्हणून मी नेमका तिथेच लांबीचा ग्रेडही (रस्त्याच्या दिशेचा चढ-उतार) सपाट ठेवला होता! स्क्रीनवर एकही लाल खूण नाही. पण जुलैच्या सरीत तिथे तिन्ही लेनवर पाणी साचणार, आणि 120 च्या वेगात टायर त्यावर तरंगले की स्टिअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, सारखंच. ग्रेड बदलला, मातीकाम वाढलं, दोन रात्री गेल्या.

कोड कोणते विचाराल तर इंडियन रोड्स काँग्रेसचे, म्हणजे आयआरसीचे, 73, 38 आणि एसपी 99 आधी वाचा. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, त्याची तयारी ठेवा. आणि सहा महिने तरी साइटवर काढा. निफाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. सीबीआरसाठी, म्हणजे मातीची ताकद मोजायच्या चाचणीसाठी, नमुना चार दिवस पाण्यात का बुडवून ठेवतात, ते तिथे चिखलात बूट रुतला की लगेच कळतं.

आता मुलाखती मी घेतो. साहेबांचाच प्रश्न विचारतो. बहुतेक जण कॅम्बरची व्याख्या सांगतात. परवा एक डिप्लोमावाली मुलगी आली होती, सिन्नरला साइटवर वर्षभर स्टाफ (उंची मोजायची पट्टी) धरून उभी राहिलेली. ड्रॉइंगकडे पाहून म्हणाली, "सर, आधी लांबीचा ग्रेड किती आहे ते सांगा."