साइडकारवाली बुलेट: जुनं इंजिन की नवं? तुलना करताना या चुका टाळा

आधी आकडे. रॉयल एनफील्डच्या बुलेट ३५० चं जुनं कास्ट आयर्न (बिडाचं) इंजिन: ३४६ सीसी, साधारण १८ बीएचपी. त्यानंतरचं यूसीई, म्हणजे 'युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन': तेच ३४६ सीसी, १९.८ बीएचपी ५,२५० आरपीएमला, टॉर्क २८ एनएम ४,००० ला. आणि आताचं जे-सिरीज: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी ६,१०० ला, टॉर्क २७ एनएम ४,००० ला. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटपासून आजपर्यंत वाढले किती, तर दोन बीएचपी. मग लोक म्हणतात, काही फरक नाही, मिळेल ती गाडी घ्या आणि साइडकार (बाजूला जोडायची एकचाकी बैठक) लावा. पहिली चूक इथेच होते.

हे आकडे दोन चाकांवरचे आहेत. क्लासिक ३५० भरल्या टाकीसकट १९५ किलोची. तिला ऐंशी ते शंभर किलोची रिकामी साइडकार जोडा, चालक, आणखी दोन माणसं आणि सामान धरा, की पाचशे किलोच्या घरात जाता. एवढं वजन ओढताना प्रत्येक पिढीच्या इंजिनाची दुखरी जागा निराळी निघते. जुन्याचं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) आणि क्लच, यूसीईचा सेल्फ, जे-सिरीजचं कमी आरपीएमवर गुदमरणं. जुन्याला नव्यासारखं आणि नव्याला जुन्यासारखं वागवलं, की खर्च ठरलेला.

गिअर कुठल्या पायाला, यावरून इंजिन ओळखणं

उजव्या पायाला गिअर म्हणजे जुनी, डाव्या पायाला म्हणजे यूसीई, असं सर्रास सांगितलं जातं. इलेक्ट्रा ५एस डाव्या पायाच्या पाच गिअरची होती, पण इंजिन कास्ट आयर्नचं. थंडरबर्डही २००२ पासून डाव्या गिअरची, तिच्यात मात्र अ‍ॅल्युमिनियमचं 'एव्हीएल' नावाचं इंजिन. खरी खूण गिअरबॉक्सची. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्सचा डबा वेगळा बोल्टने बसवलेला दिसला तर ती जुन्या घराण्यातली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असतील तर यूसीई किंवा जे-सिरीज. यूसीईत व्हॉल्व्ह उघडणारे लांब दांडे, म्हणजे पुशरॉड आहेत; जे-सिरीजमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हेडमध्येच आहे. ऑइल, टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक), क्लच यांचे नियम यावरून ठरतात, म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाताना ही ओळख आधी पक्की करा.

ऑइलच्या चुका

सगळ्यात जास्त इंजिनं इथे मरतात, म्हणून जरा सविस्तर.

कास्ट आयर्न इंजिनाचं ऑइल क्रँककेसच्याच ओतकामात घडवलेल्या वेगळ्या टाकीत असतं. एक पंप ते पुढे ढकलतो, दुसरा परत टाकीत आणतो. गाडी दोन-तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली, आणि पावसाळ्यात ती राहतेच, की टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँकच्या बाजूला झिरपतं. मग मालक डिपस्टिक बघतो, ऑइल खाली गेलेलं दिसतं, तो अर्धा लिटर ओततो. किक मारल्यावर सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइलच्या गुळण्या. मिस्त्री म्हणतो रिंग गेल्या, हेड उतरवू. रिंग गेलेल्या नसतात, ऑइल जास्त झालेलं असतं. योग्य क्रम असा: आधी गाडी सुरू करा, तीन-चार मिनिटं चालू द्या म्हणजे परतीचा पंप क्रँककेस रिकामं करेल, बंद करा, थोडं थांबा, मग डिपस्टिक बघा. धूर पाच-सात मिनिटांत थांबला तर इंजिन उतरवायची गरज नाही. तो थांबलाच नाही तर रिंग आणि व्हॉल्व्ह गाइडकडे वळा.

या इंजिनाला सुमारे दोन लिटर २०डब्ल्यू५० ग्रेडचं ऑइल लागतं. साइडकार असेल तर ते दोन ते अडीच हजार किलोमीटरला बदला आणि प्रत्येक वेळी फिल्टरही बदला. गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेसचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या डब्याचं) ऑइल निराळं असतं हे विसरलं जातं. चेनकेसमध्ये सुमारे ४२० मिली लागतं. ते कमी झालं की क्लच करपतो.

यूसीई आणि जे-सिरीजमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. इथे १५डब्ल्यू५०, आणि डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलंच हवं. घरच्या कारसाठी आणलेलं उरलंसुरलं महागडं ऑइल टाकू नका. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच प्लेटला निसरडं करतात. सोलो गाडीला हे कदाचित हजार किलोमीटर कळणार नाही, साइडकारवालीला ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावरच कळेल.

आता साइडकारची खास गोम. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते आणि रस्त्याचा उतारही डाव्या कडेला असतो. गाडी डावीकडे ओढू नये म्हणून फिटर बाइकला उजवीकडे एक-दोन अंश झुकवून बांधतो. या दोन्ही इंजिनांची, म्हणजे यूसीई आणि जे-सिरीजची, ऑइलची पातळी दाखवणारी काच उजव्या बाजूला आहे. म्हणजे सपाट जमिनीवर काचेत ऑइल असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि प्रत्यक्षात कमी असलेलं ऑइल 'बरोबर' समजून गाडी हाकली जाते. सेंटर स्टँड तर साइडकारमुळे वापरताच येत नाही. उपाय सोपा आहे. बाइकच्या आणि साइडकारच्या चाकातलं आडवं अंतर साधारण ११० सेंटिमीटर धरलं, तर एका अंशाला सुमारे दोन सेंटिमीटर उंची लागते. तेवढ्या जाडीच्या फळ्या बाइकच्या दोन्ही चाकांखाली घाला, साइडकारचं चाक जमिनीवरच ठेवा, गाडी सरळ उभी राहील. पुढच्या फोर्कला स्पिरिट लेव्हल लावून खात्री करा आणि मग काच बघा.

टॉप गिअरमध्ये रेटणं, आणि स्प्रॉकेट न बदलणं

'बुलेट फोर्थमध्ये वीसच्या स्पीडनेही चालते' ही जुन्या मालकांची फुशारकी. सोलोला ती थोडीफार खरी होती, कारण ९० मिमीचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील. साइडकार लावून तेच केलं की प्रत्येक फायरिंगचा ठोका थेट बिग एंडवर बसतो. जुन्या इंजिनात तिथे फ्लोटिंग बुश (मोकळी फिरणारी धातूची कडी) असतो, रोलर बेअरिंग नाही. तो ऑइलच्या पातळ थरावर जगतो आणि आरपीएम पडले की तो थर पातळ होतो. खालून घट्ट 'ठक ठक' येते, थ्रॉटल उघडल्यावर वाढते. ही ठकठक टॅपेटची नव्हे. ती ऐकूनही गाडी चालवत राहिलात तर क्रँक बाहेर काढावा लागतो.

जे-सिरीजची गंमत उलटी आहे. बॅलन्सर शाफ्टमुळे हादरे जाणवत नाहीत, त्यामुळे इंजिन त्रासात आहे हे हाताला कळत नाही. जुनी गाडी निदान शिव्या तरी देते. नवीचं कॉम्प्रेशन ९.५ : १, यूसीईचं ८.५ : १, जुन्याचं साधारण सव्वासात. जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन भर चढावर पाचव्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन रेटलं तर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून येणारी खडखड) सुरू होतं. जे-सिरीज साइडकारसह अडीच हजार आरपीएमच्या वर ठेवा. चौथा-पाचवा विसरून तिसऱ्यात चढा, तिला फिरायला आवडतं.

पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) एक दाता लहान करणं हा तिन्ही इंजिनांचा सगळ्यात स्वस्त उपाय. समजा १६ दात्यांच्या जागी १५ लावले, तर ओढ साधारण सहा-सात टक्के वाढते आणि टॉप स्पीड तेवढाच घटतो. साइडकारला नाहीतरी सत्तरच्या वर नेऊ नये.

तुलना करायचीच असेल तर चढावर करा, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर नाही. सपाट रस्त्यावर तिन्ही गाड्या सारख्याच वाटतात. रविवारी पहाटे ट्रक कमी असताना, साइडकारमध्ये एक माणूस बसवून, गायमुखचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये ३०-३५ च्या वेगाने घ्या. तीन गोष्टी बघा: थ्रॉटल उघडल्यावर वेग वाढतो का, की फक्त आवाज वाढतो (आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय), इंजिन गिअर मागतंय का, आणि वर पोचल्यावर बंद करून, थोडं निवल्यावर काढलेल्या प्लगचा रंग. बिस्किटासारखा असेल तर ठीक, खडूसारखा पांढरा असेल तर मिश्रण पातळ, काजळी असेल तर जाड.

क्लच घसरला म्हणून लगेच प्लेट बदलू नका. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे का ते आधी बघा, मग ऑइल कुठलं आहे ते.

टॅपेटला एकच मंत्र लावणं

कास्ट आयर्नमध्ये टॅपेट थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून लावतात. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मोकळीक शून्य. पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. ठाण्याच्या खाडीकाठची खारट दमट हवा पॉइंटवर थर धरते, म्हणून पावसाळ्यात दर महिन्याला ते पुसा.

यूसीईत टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे ऑइलच्या दाबाने मोकळीक आपोआप भरून निघते. तिथे लावण्यासारखं काही नसतं, आणि 'टॅपेट सेट केले' असं म्हणून कोणी पैसे मागितले तर काय सेट केलं ते दाखवायला सांगा. सकाळी सुरू केल्यावर थोडी टिकटिक होणं साहजिक आहे. इंजिन गरम होऊनही ती राहिली तर आधी ऑइलची पातळी, मग ग्रेड, शेवटी लिफ्टर (तेच हायड्रॉलिक टॅपेट). आणखी एक: यूसीई ३५० ला दोन प्लग असतात. एकच बदलून 'पिकअप आला नाही' म्हणणारे बरेच.

जे-सिरीजला पुन्हा स्क्रू आणि लॉकनट. थंड इंजिन, फीलर गेज आणि मॅन्युअलमधलं माप. इथे जुन्या बुलेटचा 'शून्य' वापरला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

मरत्या बॅटरीवर सेल्फ मारणं

यूसीईचा स्प्रॅग क्लच (सेल्फला इंजिनाशी जोडणारा, एकाच दिशेने पकडणारा क्लच) याच एका सवयीने जातो. बॅटरी अशक्त असली की सेल्फ पिस्टनला कॉम्प्रेशनच्या पार नेऊ शकत नाही, इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. मग सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही, केसमधून 'कडाड' असा आवाज. यूसीईची बॅटरी १४ एएचची. उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट हवेत, तीनेक हजार आरपीएमला १३.८ ते १४.५. सेल्फ दाबताना दहाच्या खाली गेली तर किक वापरा आणि बॅटरी बघा. जे-सिरीजला किकच नाही आणि बॅटरी ८ एएचची, त्यामुळे साइडकारचे दिवे एलईडीच हवेत. जुन्या गाडीतही तेच करा. ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला हेडलाइट लावून उभे राहिलात, की अ‍ॅमीटरचा काटा वजाकडे झुकतो, म्हणजे बॅटरी रिकामी होत असते.

जुनीला किक मारायची रीत: त्याच अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबा, डिकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून किक जराशी पुढे सरकवा, लिव्हर सोडा, मग पूर्ण किक. ही रीत न पाळता मारलेली किक पाय आणि गिअरबॉक्स दोघांनाही महाग पडते.

इथेनॉलचं पेट्रोल

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नव्या इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सांभाळतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही, जुनी गाडी पातळ मिश्रणावर गरम चालते आणि साइडकारच्या ओझ्याखाली आणखी तापते. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक-दोन नंबर मोठा घ्या, रबरी पाइप आणि नळाचे वॉशर बदला. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामं करा.

साइडकारचा हात इंजिनाच्या बोल्टला

यूसीई क्लासिकच्या फ्रेममध्ये इंजिन स्वतःच फ्रेमचा भार उचलतं. तिथे क्रँककेसच्या बोल्टला साइडकारचा हात (तिला बाइकशी जोडणारा दांडा) आवळला, तर खड्ड्यांचा प्रत्येक मार केसिंगवर जातो आणि बोल्टच्या भोकापाशी तडा पडतो. सब-फ्रेम बनवून फ्रेमच्या नळीला चार जागी धरा. जे-सिरीजवर साइड स्टँड काढून टाकणारे त्याचा स्विच तसाच लोंबकळत ठेवतात आणि मग गिअर टाकताच गाडी बंद पडते. मिस्त्री फ्युएल पंप शोधत बसतो.

नव्या इंजिनावर थ्रॉटल एकदम सोडलात तर गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे, जुनीपेक्षा जोरात ओढते. कारण चाक बाइकचं मंदावतं, साइडकारचं वजन मात्र पुढे धावत राहतं. जुन्याचं जड फ्लायव्हील हा धक्का मऊ करतं. घाटात उतरताना थ्रॉटल हळू मिटा.

लांबच्या फेरीचा रस्ता ठरवताना पुण्याचा एक्स्प्रेस वे आणि अटल सेतू दोन्ही विसरा, दुचाकीला आणि तिचाकीला तिथे सारखीच बंदी. पनवेल-खोपोलीचा जुना रस्ता, किंवा मुरबाडवरून माळशेज. निघण्यापूर्वी साइडकारची नोंद आरसी बुकात हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करायला आधी मंजुरी लागते. एमएच ०४ वाल्यांनी ठाणे आरटीओ, एमएच ४३ वाल्यांनी नवी मुंबई. नोंद झाली की विमा कंपनीलाही लेखी कळवा.