शार्कच्या अश्मीभूत दातावरून प्राचीन समुद्र कसा वाचावा

बेळगाव परिसरात असा दात शोधण्याआधी पायाखालचा खडक ओळखावा. निपाणी-चिकोडीकडचा काळा कातळ लाव्हारसापासून बनलेला आहे आणि गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून कोसळतो, तो शार्क अस्तित्वात येण्याच्या फार पूर्वीचा आहे. त्यामुळे येथे दात सापडण्याची आशा धरू नये. कच्छ, ओडिशातील बारीपदा आणि तमिळनाडूतील अरियालूर येथील सागरी थरांत मात्र ते मिळतात.

प्रथम बाजारातून मोरीचे (लहान शार्कचे) डोके आणावे, जबडा कोमट पाण्यात भिजवून मांस सोडवावे आणि भिंगाखाली पाहावे. पुढच्या दातांमागे नव्या दातांच्या रांगा आडव्या पडलेल्या दिसतील. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने सहसा टिकत नाही, पण जन्मभर हजारो दात गळतात आणि त्यांवरील कठीण आवरण कोट्यवधी वर्षे तग धरते.

आता अश्मीभूत दात हाती घ्यावा. अरुंद, सुईसारखा दात निसटते मासे पकडण्यासाठी असतो. रुंद, त्रिकोणी आणि करवतीसारख्या कडेचा दात मोठ्या प्राण्यांचे मांस कापण्यासाठी. तर क्रिटेशस काळातील (डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडातील) टायकोडस या शार्कचा चपटा, वळ्या असलेला दात कवचे फोडण्यासाठी. त्यावरून त्या समुद्रात कोणते भक्ष्य होते, याचा अंदाज बांधता येतो. रंगावरून मात्र वय ठरवू नये, कारण काळा किंवा तपकिरी रंग गाळातील खनिजांमुळे येतो.

यानंतर कड आणि मूळ तपासणे सर्वांत महत्त्वाचे, असे मला वाटते. कडेचे दाते तीक्ष्ण आणि मूळ अखंड असेल, तर दात फारसा वाहत आला नसावा; सर्व बाजू गुळगुळीत झिजल्या असतील, तर तो जुन्या थरातून सुटून नव्या गाळात आलेला असू शकतो आणि अशा वेळी तो शेजारच्या शिंपल्यांच्या काळाचा मानणे धोक्याचे ठरते. म्हणूनच दात उचलण्यापूर्वी थराचे छायाचित्र घ्यावे, खडक वाळूचा आहे की चुन्याचा हे लिहावे आणि सोबतचे शिंपलेही नोंदवावेत. प्रयोगशाळेत दाताच्या फॉस्फेटमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणावरून) त्या पाण्याचे तापमानही काढता येते.

विकत घेतलेल्या दातांबाबत विशेष सावध राहावे. मोरोक्कोतून येणाऱ्या पुष्कळ दातांची मुळे तुटलेली असतात आणि ती वाळू व गोंद लावून जोडलेली असतात. शिवाय सापडल्याची नेमकी जागा व थर ठाऊक नसेल, तर असा दात माशाविषयी थोडेफार सांगतो, त्याच्या समुद्राविषयी जवळजवळ काहीच नाही.