यादीत नाव लागल्यावर: यकृताची वाट पाहताना घर कसं चालवायचं

ह्यांचं नाव यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत लागलं, त्याला या आठवड्यात अकरा महिने झाले. आम्ही साताऱ्यात राहतो, नाव पुण्यातल्या रुग्णालयामार्फत नोंदवलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ह्यांनी कधी दारूला हात लावलेला नाही. मधुमेह आणि यकृतातली चरबी, त्यातून सिरोसिस झाला, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत गेलं. मुद्दाम सांगते, कारण लिव्हर म्हटलं की लोक आधी तेच विचारतात. आणि ज्यांचा आजार दारूमुळे झालाय त्यांच्या बायका-मुलांनाही पुढचं सगळं एवढंच करावं लागतं.

नाव लागलं त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्या हातात काही नाही, फक्त फोनची वाट पाहायची. प्रत्यारोपण समन्वयक ताई म्हणाल्या, "यकृत मिळेल त्या रात्री ह्यांना ऑपरेशन झेपलं पाहिजे. तोवर तब्येत राखायची, ते काम तुमचं." ते काम आम्ही कसं करतो ते लिहिते. इथले पथ्याचे आकडे ह्यांचे आहेत, तुमच्या माणसाचे तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आधी यादीचं. पश्चिम महाराष्ट्राची यादी पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती सांभाळते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही अशा समित्या आहेत. ही रेशनची रांग नव्हे, की पुढचा गेला आणि आपण एक पाऊल सरकलो. रक्तगट जुळावा लागतो, आणि निकड किती हे 'मेल्ड' नावाच्या आकड्यावरून पाहतात, आकडा मोठा तितकी निकड जास्त. तो ६ ते ४० असतो आणि रक्तातलं बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर यांवरून काढतात, सोडियमही धरतात. ह्यांचा आकडा सुरुवातीला १७ होता, आता २२ आहे. "आपला नंबर कितवा?" हे विचारणं मी दुसऱ्या महिन्यात सोडलं. त्याऐवजी एक विचारते: "आमचे शेवटचे रिपोर्ट कधीपर्यंत चालतील?" रिपोर्ट जुने राहिले तर आकडाही जुना राहतो. तपासणीच्या तारखा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते आणि रिपोर्ट आला की त्याच दिवशी समन्वयक ताईंना पाठवते.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलं ते. यकृत नीट काम करत नसलं की अमोनियासारखी द्रव्यं रक्तात साठतात आणि मेंदूवर परिणाम होतो. नणंदेच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस लॅक्टुलोज, म्हणजे ही द्रव्यं शौचावाटे बाहेर काढणारं पातळ औषध, राहिलं. मांडवात सारखं संडासला कसं जायचं म्हणून ह्यांनी ते घेतलं नाही, आणि मीही गडबडीत विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी शर्टाची बटणं वरखाली लावली. मी हसले. दुपारी ते मला विचारायला लागले, "आपण कोणाच्या घरी आलोय?" आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो. त्या रात्री दवाखान्यात भरती.

तेव्हापासून आमच्याकडे एक दुरेघी वही आहे, पहिलीच्या मुलांची असते तशी. रोज सकाळी चहाआधी ह्यांनी तारीख, वार आणि एक ओळ लिहायची. ओळ मी सांगते, कधी भाजीचा हिशेब, कधी पाठ्यपुस्तकातलं वाक्य. अक्षर रेघ सोडायला लागलं, काना-मात्रा गळायला लागले की बोलण्यात फरक पडायच्या आधीच मला कळतं. आणखी खुणा: दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, हात पुढे ताणून धरले की पंजे फडफडणं, उगाच चिडचिड. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा. माणूस उठवून उठत नसेल तर फोनात वेळ न घालवता सरळ दवाखाना. लॅक्टुलोजचा हिशेब चमच्यांवर थांबत नाही, दिवसाला दोन-तीन मऊ शौच झाल्या पाहिजेत. एकही झाली नाही तर धोका, आणि सात-आठ झाल्या तर अंगातलं पाणी जाऊन तोही धोका. म्हणून वहीच्या समासात मी शौचाचे आकडे लिहिते. सुरुवातीला ह्यांना फार लाज वाटायची. आता स्वतःच सांगतात, "आज दोन."

त्याच पानावर वजन. सकाळी, शौचानंतर, काही न खाता, एकाच काट्यावर. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बहुतेक पाणी असतं, पोटात किंवा पायांत. पाण्याच्या गोळ्या (लघवीवाटे पाणी काढणाऱ्या) आपल्या मनाने वाढवू नका, त्याने किडनी आणि सोडियम दोन्ही बिघडतात. ह्यांच्या पोटातलं पाणी आतापर्यंत तीनदा सुईने काढलंय. पाच लिटरच्या वर काढलं तर सोबत अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाची, बाटली लावतात. ती महाग असते, तिचा खर्च आधीच धरून ठेवा. ताप आला किंवा पोट दुखायला लागलं तर त्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.

स्वयंपाकाबद्दल भरपूर लिहिता येईल, कारण घरातली भांडणं तिथेच होतात. ह्यांना दिवसाला सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा मीठ, म्हणजे पाचएक ग्रॅम. मी सकाळीच ते एका छोट्या डबीत काढून ठेवते, ह्यांच्या ताटात पडेल ते मीठ त्या डबीतलंच. भाकरीत मीठ नाही. पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, खारी, पाकिटातल्या शेवया बंद. कमी सोडियमचं मीठ आणावं म्हटलं तर त्यात पोटॅशियम असतं, आणि ह्यांच्या पाण्याच्या गोळीने तेच वाढतं, म्हणून तेही नको. आमसूल, लिंबू, जिरं, मिरी, ओवा, भरपूर कोथिंबीर आणि लसणाची फोडणी यांवर जीभ दीड महिन्यात रुळली. पहिला महिना मात्र ह्यांनी रोज ताट अर्धं टाकलं. तेव्हा मी मीठ वाढवलं नाही, पण दिवसाची जेवणं सहा केली.

कारण कमी खाणं हाही मोठा धोका आहे. आमच्या सासूबाईंच्या पिढीची समजूत अशी की लिव्हरच्या माणसाला डाळ-अंडी द्यायची नाहीत. आहारतज्ज्ञांनी उलट सांगितलं: किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज. मुगाचं वरण, दही, पनीर, अंडी, सोयाबीन, मोड आलेली मटकी शिजवून. सिरोसिसच्या माणसाला रात्रभराचा उपास धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा लागतो, शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. म्हणून रात्री साडेनऊला दूध आणि सातूचं पीठ किंवा नाचणीची आंबील, साखर न घालता. वीस वर्षं केलेली संकष्टी ह्यांनी सोडली. चंद्रोदयापर्यंत थांबणं आता जमणार नाही, हे स्वीकारायला त्यांना फार जड गेलं. आता त्या दिवशी मी उपास धरते आणि ते आरती म्हणतात.

स्नायू टिकवायला चालणंही हवं. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत आणि परत, सकाळ-संध्याकाळ. पाय सुजले असतील त्या दिवशी खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, हात न टेकता.

औषधांच्या बाबतीत मी कडक आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्या घरातूनच काढून टाकल्या. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेतच. आणि काढे नाहीत. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. तरी प्रत्येक पाहुणा काविळीच्या झाडपाल्याचा पत्ता घेऊन येतो. मी चिठ्ठी घेते, चहा देते आणि चिठ्ठी डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावते. वाद होत नाही. दातांची तपासणी आणि लशी मात्र या काळातच उरकून घ्या, ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते.

घरातल्या दात्याचा, म्हणजे जिवंतपणी आपल्या यकृताचा भाग देणाऱ्याचा, विषय हळुवार आहे. कायद्याने नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. ह्यांचा रक्तगट ओ, म्हणजे ओ गटाचंच यकृत चालतं. माझा बी. लेकीचा ओ, पण ती नुकती एकोणीस पूर्ण झाली आणि हे तिचं नावही काढू देत नाहीत. धाकटे भाऊजी स्वतःहून पुढे आले. तपासणीत त्यांच्याच यकृतात चरबी निघाली. ज्या दिवशी ते तपासणीला गेले, त्या रात्री जाऊबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग आला नाही. जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, "कोण देणार?" असं कधीही विचारू नका. तपासणीत डॉक्टर दात्याशी एकट्याने बोलतात. त्याचं मन नसेल तर घरच्यांना कारण न सांगता "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढंच कळवतात. ही वाट उघडी आहे हे दात्याला माहीत असू द्या.

पैशांचं थोडक्यात: धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला आजच काढा, तहसील कचेरीत तो एका दिवसात होत नाही. यूपीआयला दिवसाची मर्यादा असते, तेव्हा रात्री दोन वाजता अनामत कशी भरणार हेही आधीच ठरवा.

आता फोन. आमच्याकडून तीन नंबर दिलेत: माझा, लेकीचा, शेजारच्या काकांचा. रात्री फोन चार्जिंगला, आवाज मोठा. गावाकडे रेंज नाही, म्हणून यंदा जत्रेलाही गेलो नाही. गाडीवाला ठरलेला आहे, त्यालाही सांगून ठेवलंय की हाक कधीही येईल. दाराजवळ पिशवी: फाइल, आधार, विम्याची कागदपत्रं, औषधांची यादी, दोघांचे कपडे, चार्जर.

एकदा फोन आला. सातव्या महिन्यात, रात्री पाऊण वाजता. ताप आहे का, खोकला आहे का, शेवटचं कधी खाल्लं, एवढं समन्वयक ताईंनी विचारलं आणि पाणीही देऊ नका म्हणाल्या. हेही सांगितलं की तुम्ही पर्यायी आहात, पहिल्या रुग्णाला जमलं नाही तरच. मला त्यातलं "या" एवढंच ऐकू आलं. खंबाटकीच्या बोगद्यात गाडीत कुणीच बोलत नव्हतं. पहाटेपर्यंत रक्त काढलं, एक्स-रे झाला, ह्यांना ऑपरेशनचा गाऊन घातला. साडेसातला सर्जन स्वतः येऊन म्हणाले, यकृतात चरबी फार निघाली, ते कुणालाच लावता येणार नाही.

मी रडले. हे गाऊन काढताना म्हणाले, "अगं, पण त्या घरच्यांनी हो म्हटलं होतं ना?" मेंदू मृत झाल्याची तपासणी सहा तासांच्या अंतराने दोनदा होते. तेवढ्या वेळात अतिदक्षता विभागाबाहेर बसून कुणीतरी आपल्या माणसासाठी तो निर्णय घेतला होता. "त्यांची किडनी तरी कुणाला लागू दे," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर आनेवाडीच्या टोल नाक्यापाशी आम्ही थांबलो, ह्यांना भूक लागली होती. मी डब्यातली मीठ नसलेली भाकरी आणि दही दिलं.

घरी आल्यावर ह्यांना झोपवलं, पिशवीतले मळलेले कपडे काढून धुतलेले ठेवले, रिपोर्टच्या जुन्या प्रती काढून त्या रात्रीच्या लावल्या, चार्जर परत आत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुढे केली. ओळ मी सांगायच्या आधीच ह्यांनी लिहायला घेतलं होतं. अक्षर रेघेवर होतं.