इंग्लंडमध्ये नवीन आलात आणि दमा व बीपी दोन्ही आहे?

घर लागायची वाट न पाहता आधी जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. मी इथे फार्मसीत काम करते. आपल्याकडून आलेल्यांचं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: बीपीची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली, पंप दुसऱ्यांनी, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही.

सोबत आणलेल्या स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा. भारतातला ब्रँड इथे ओळखीचा नसतो, म्हणून मूळ औषधाचं नाव लिहून न्या. कॉम्बिनेशनच्या गोळीत तर एका नावाआड दोन औषधं असतात. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल दिसलं, तर दमा आहे हे पहिल्याच भेटीत सांगा.

ही ‘बीटा-ब्लॉकर’ गटातली औषधं मुख्यतः हृदयावर काम करतात, श्वासनलिकांवर कमी; तिथे काम केलं की नळ्या आकसून दमा वाढू शकतो. पण ‘कमी’ म्हणजे ‘अजिबात नाही’ नव्हे, आणि डोस वाढला की हा फरक पुसट होत जातो. त्यामुळे नुसत्या बीपीसाठी इथले डॉक्टर दम्याच्या पेशंटला सहसा दुसरं काही देतात, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिन. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल तर गणित बदलतं. तिथे या गोळीचा फायदा मोठा असतो. दमा आटोक्यात असेल तर तज्ज्ञ अगदी लहान डोसपासून, लक्ष ठेवून ती सुरू करू शकतात. म्हणून हे वाचून चालू गोळी मनाने बंद करू नका. अचानक सोडली तर छातीत दुखणं, धडधड वाढू शकते.

प्रोप्रॅनोलॉलचं मात्र वेगळं. तेही बीटा-ब्लॉकरच, पण हृदय आणि श्वासनलिका दोन्हीकडे काम करतं, आणि दम्याचा अटॅक आला तर लगेच आराम देणारा निळा पंपही नीट लागू पडत नाही. इंटरव्ह्यूची धडधड थांबावी म्हणून रूममेट देऊ करेल. दमा असेल तर घेऊ नका, कळकळीने सांगते.

नवीन गोळीनंतर रात्री खोकला, छातीत घरघर, पंप जास्त लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जीपीला किंवा १११ला (आरोग्य सल्ल्याची हेल्पलाइन) फोन करा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर थेट ९९९, म्हणजे ॲम्ब्युलन्स.

फार्मसीत ‘न्यू मेडिसिन सर्व्हिस’ मागा. दम्याचं किंवा बीपीचं औषध नव्याने लागलं की फार्मासिस्ट पहिल्या काही आठवड्यांत तुमच्याशी बोलतो. त्याचे पैसे लागत नाहीत.

आईबाबा येणार असतील तर त्यांचे काचबिंदूचे थेंबही तपासा. टिमोलॉल (हाही बीटा-ब्लॉकरच) असेल तर डोळ्यातून रक्तात जाऊन तेही दमा उसळवू शकतं, आणि औषधांच्या यादीत थेंब लिहायचं सगळेच विसरतात.