एक्स-वर्क्सने विकलं, तरी बाँड आपल्याच नावावर

इन्कोटर्म्स २०२० मधले, म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या अटींमधले, ११ नियम तुम्हाला येत असतील. मी अडकलो तो त्यातल्या पहिल्याच ईएक्सडब्ल्यूमध्ये (एक्स-वर्क्स: विकणाऱ्याने आपल्या दारात माल द्यायचा, पुढचं सगळं खरेदीदाराचं), म्हणून इथे त्याच्यावरच जास्त लिहितोय.

कस्टम्सला बाँड (शुल्काचं हमीपत्र) लिहून देऊन, शुल्क न भरता बाँडेड गोदामात ठेवलेला माल होता. परदेशी खरेदीदाराने ईएक्सडब्ल्यू मागितलं. वरिष्ठ म्हणाले, "गोदामाच्या दारात माल दिला की आपण सुटलो." मी ऐकलं. खरेदीदाराच्या फॉरवर्डरने (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटने) माल उचलला, पैसे आले, मी फाईल कपाटात टाकली. सात महिन्यांनी कस्टम्सचं पत्र: माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा द्या, नाहीतर व्याजासह शुल्क भरा. फॉरवर्डर आमचा नव्हताच. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा कागद) त्याने त्याच्या गिऱ्हाइकाला दिलं होतं, मला कशाला देईल? ते मिळेपर्यंत दीड महिना बाँड अडकला, पुढचा माल गोदामात घेता येईना. झोप उडाली होती माझी.

हे नीट समजून घ्या. इन्कोटर्म म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यातली वाटणी: खर्च कुणाचा, जोखीम कुणाची. कस्टम्स त्या करारात नाही. बाँडवर ज्याची सही, शुल्क त्याच्याकडेच मागणार. मालकी बदलली म्हणून बाँड सुटत नाही. माल बाहेर गेल्याची नोंद त्याच बाँडसमोर लागावी लागते. १२० खोके निघाले आणि ११८ चढले, तर दोन खोक्यांचं उत्तरही सहीवाल्यानेच द्यायचं.

बाँडमधला माल ईएक्सडब्ल्यूने विकूच नका. एफसीए (खरेदीदाराने ठरवलेल्या वाहतूकदाराकडे माल सोपवायचा) धरा. त्यात निर्यातीचं क्लिअरन्स विकणाऱ्याकडे राहतं, कागद आपल्यामार्फतच जातात. कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षाही (माल जहाजावर चढवून द्यायची अट) तेच बरं, कारण तो जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी टर्मिनलवर सोपवलेला असतो.

"ब्रोकर बघून घेईल" म्हणणाऱ्याकडून हे काम शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. ब्रोकर, म्हणजे कस्टम्सचे कागद करणारा एजंट, आपण दिलेलेच आकडे भरतो.

पत्र आलंच, तर हातपाय गाळू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, आहेत ते कागद जोडा, उरलेल्यांसाठी वेळ मागा. मी तेच केलं आणि शुल्क भरावं लागलं नाही. आता माल निघताना कंटेनर नंबर, सील नंबर आणि नग मी स्वतः गेटवर ताडून पाहतो. बाँड बंद झाल्याचा कागद येईपर्यंत फाईल टेबलावरच असते.