साडेतीनच्या चहाची तयारी

इंग्लंडात किंवा तिथून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजावर दुपारच्या चहाला बसायचं असेल, तर सगळ्यात आधी शब्द नीट करून घ्या. आपल्याकडे ‘हाय टी’ म्हटलं की चर्चासत्र संपल्यावरचा समोसा, बटाटेवडा आणि कागदी कपातला चहा. इंग्लंडात मात्र ‘हाय टी’ हे दिवसभर राबून घरी आलेल्या कामगारांचं संध्याकाळचं जेवण, मांस-बटाटे-पाव असं, जेवणाच्या उंच टेबलावर मांडलेलं. तीन मजली स्टँड, छोटी सँडविचं, स्कोन (भाजलेला छोटा, मऊ, गोल पाव) आणि केक असतात तो ‘आफ्टरनून टी’. बुकिंग करताना हेच नाव घ्या.

ही पद्धत पाडल्याचं श्रेय बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनाला देतात, सुमारे १८४० सालचं. त्या काळी बड्या घरांत रात्रीचं जेवण उशिरा असायचं, दुपारी पोटात खड्डा पडायचा, म्हणून आपल्या वाड्यात, वुबर्न अ‍ॅबीत तिने चारच्या सुमारास चहा आणि खायला मागवायला सुरुवात केली. गोष्ट जुनी असली तरी तयारीची किल्ली तिच्यातच आहे. आफ्टरनून टी हे मधलं खाणं नाही, जवळजवळ एक जेवण आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी हॉटेलातला भरपेट नाश्ता आणि एक वाजता पोटभर जेवण झालं होतं. माणशी इतके पौंड मोजून मी दोन सँडविचं खाल्ली आणि अर्धा स्कोन. त्या दिवशी दुपारचं जेवण नको, नाश्ताही हलकाच.

लंडनमध्ये जायचं असेल तर बुकिंग महिना-दोन महिने आधी करा, शनिवार-रविवार हवा असेल तर त्याहून आधी. रिट्झ हॉटेलचं पाम कोर्ट हे चहाचं दालन सगळ्यांना ठाऊक असतं. हे हॉटेल १९०६ सालचं. तिथे जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, पुरुषांना जाकीट लागतं. ते पुण्याहून नेणार की नाही हे बॅग भरतानाच ठरवा. साडीला कुठेही आडकाठी नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दालनात साडीच सगळ्यांत शोभते. मोठ्या हॉटेलांत माणशी सत्तर-ऐंशी पौंड आणि त्याच्या वर जातात, बिलात बहुतेक वेळा साडेबारा टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्जही लावलेला असतो. तो लावला असेल तर वेगळी टिप ठेवायची गरज नाही. एवढे पैसे घालायचे नसतील तर इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन किंवा कॉर्नवॉलमधल्या एखाद्या साध्या टी-रूममध्ये ‘क्रीम टी’ मागा. त्यात फक्त स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम आणि चहा. माझं मत विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा थांबावं. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडं बसतं. माझ्या सासूबाईंसमोर ‘खास व्हेजिटेरियन’ म्हणून आलेल्या बशीत सर्वांत वर अंड्याचंच सँडविच होतं, आणि वाढणाऱ्या मुलीला त्यात काय चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिची चूक नव्हतीच, आम्ही सांगितलं नव्हतं. म्हणून बुकिंगच्या वेळीच ‘अंडं नको, जिलेटिन नको’ हे दोन्ही स्पष्ट लिहा. मूस आणि जेलीसारख्या गोडात जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात ते) असू शकतं, केकमध्ये अंडं असतंच, स्कोनवरही चकाकीसाठी कधीकधी अंड्याचा हात फिरवलेला असतो. काकडीचं सँडविच बिनधास्त खा. ‘कॉरोनेशन’ शब्द दिसला की ते चिकन आहे असं समजा. १९५३ सालच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी केलेला तो पदार्थ, त्यात करी पावडर असल्यामुळे वास ओळखीचा वाटतो आणि माणूस फसतो.

चहाची यादी समोर आली की गोंधळू नका. दूध घालून प्यायचा असेल तर आसाम किंवा इंग्लिश ब्रेकफस्ट. दार्जिलिंग बिनदुधाचा. अर्ल ग्रेला बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास असतो. लापसांग सुशाँगला धुराचा, चुलीवरच्या चहाची आठवण यावी असा. आधण घालून उकळलेला चहा मिळणार नाही, आलं मागू नका. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ साली, म्हणजे डचेसच्या त्या भुकेच्या आसपासच. किटलीबरोबर गाळणी आणि गरम पाण्याचं वेगळं भांडं येतं, चहा कडक झाला तर ते पाणी वापरा.

स्टँड खालून वर संपवायचा: आधी सँडविचं, मग स्कोन, शेवटी गोड. स्कोन सुरीने कापत नाहीत, हाताने मधोमध उघडतात, आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे खातात. वडापावसारखे पुन्हा मिटवायचे नाहीत. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलट. क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या घरची मंद आचेवरची जाड साय, इतकं लक्षात ठेवलं की ती लोण्यासारखी लावायची की दह्यासारखी, हा प्रश्नच उरत नाही. करंगळी वर करायची नसते. उरलेले केक बरीच हॉटेलं डब्यात बांधून देतात, निःसंकोच मागा.

आता जहाज. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जाणाऱ्या क्वीन मेरी २ वर (जहाज २००४ पासून चालू आहे) रोज साडेतीनला क्वीन्स रूममध्ये चहा असतो, पांढरे हातमोजे घातलेले वेटर आणि वाजणारं संगीत यांच्यासह. तो तिकिटातच येतो. शॅम्पेनसह चहा मात्र वेगळ्या पैशांचा. इथे स्टँड नसतो, वेटर तबकं घेऊन फिरतात, तुम्ही हवं ते उचलायचं. त्यामुळे अंड्याची चौकशी दर तबकाला करावी लागू नये म्हणून आहाराची नोंद निघण्यापूर्वीच करून ठेवा आणि पहिल्याच दिवशी मुख्य वेटरला भेटा. जागा राखता येत नाही. खिडकीजवळ बसायचं तर सव्वातीनलाच पोहोचा.

रात्रीच्या जेवणाची वेळ डचेसच्या हिशेबाने निवडा. सहाची पंगत घेतलीत तर साडेचारला चहा संपतो आणि दीड तासात पुन्हा काटेचमचे, साडेआठची घ्या. घड्याळाचंही भान ठेवा. न्यूयॉर्ककडे जाताना पाच वेळा एकेक तास मागे जातो, दिवस पंचवीस तासांचा होतो. परत येताना तास पुढे सरकतात, आणि हे बहुधा भरदुपारी बारा वाजता करतात, म्हणजे बाराचा एक होतो. त्या दिवशी जेवण आणि चहा एकमेकांच्या अंगावर येतात.

बोट लागत असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. केबिन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मिळाली तर हेलकावे कमी जाणवतात. व्हिसा दोन: ब्रिटनचा आणि अमेरिकेचा. परत जहाजानेच येणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा (मल्टिपल एंट्री) आहे ना, ते बघा.

बॅगेत स्वतःची विजेची किटली ठेवू नका, बोर्डिंगच्या तपासणीत काढून घेतात. या जहाजावर केबिनमध्ये किटली असतेच. दुधाची पावडरही नको, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. चहा मसाल्याची लहान डबी मात्र जरूर घ्या. चौथ्या दिवशी पहाटे सहाला, पांढऱ्या हातमोज्यांची सगळी अदब आठवत असूनही, केबिनमधल्या कपात तीच शोधली जाते.