मुधोळ कुत्र्याला विमानाने जर्मनीला न्यायचं तर काय काय तयारी लागते

मोठा कुत्रा परदेशी न्यायचाय म्हटलं की सगळे आधी तिकिटाचं विचारतात, पण तिकीट फार नंतर येतं. आधी कॅलेंडर काढा आणि जायच्या तारखेपासून किमान सहा महिने मागे या. आमचा बाजी मुधोळ आहे, सांगली-जतकडे कारवान म्हणतात तो, खांद्याला ७१ सेंटीमीटर उंच आणि वजन जेमतेम २७ किलो. त्याला पुण्याहून जर्मनीला आणायला आम्हाला साडेसात महिने लागले, त्यातला दीडेक महिना निव्वळ एका चुकीत गेला, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून मुद्दाम सगळं सविस्तर लिहितेय.

पहिलं काम मायक्रोचिप, कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांवाली, १५ आकडी नंबरची. आणि रेबीजची लस चिपनंतरच, हा क्रम उलटा चालत नाही, युरोपात चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाहीत, मग कार्डावर कितीही वर्षांचे शिक्के असू देत. बाजीची लस दरवर्षी वेळेवर व्हायची, आमचे डॉक्टर म्हणाले चिप काय कधीही बसवता येते, आम्हीही हो म्हणालो, आणि टायटरसाठी, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणाऱ्या तपासणीसाठी, रक्त काढायला गेलो त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी कार्ड बघून सांगितलं की चिपची तारीख लसीच्या नंतरची आहे, याचा उपयोग नाही. परत लस, परत तीस दिवस थांबणं. त्यामुळे चिप बसवली की तिथल्या तिथे स्कॅनर फिरवून नंबर वाचून घ्या, कार्डावर लिहिलेल्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा, आणि लसीच्या नोंदीवर बॅच नंबरचं स्टिकर, तारीख, सही, शिक्का सगळं आहे ना ते घरी यायच्या आधीच तपासा.

मग टायटर टेस्ट. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्यातलं सीरम युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्येच जायला हवं, आणि रिपोर्ट ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त यायला हवा. रिपोर्ट चांगला आला म्हणून लगेच बॅगा भरता येत नाहीत, भारतातून निघणाऱ्या कुत्र्याला रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावंच लागतं. एक गोष्ट मात्र चांगली आहे, पुढची रेबीज लस मुदत संपायच्या आत घेत राहिलात तर ही टेस्ट पुन्हा करावी लागत नाही, तेव्हा तो कागद जिवापाड जपा. अमेरिकेला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, तिथे १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागलेत, कुत्रा सहा महिन्यांपेक्षा लहान चालत नाही आणि भारतात लस घेतलेला कुत्रा ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतो. जर्मनीत पिट बुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना आणायलाच बंदी आहे, यातलं कुठलं घरी असेल तर पुढे वाचायच्या आधी तेवढं नीट बघून घ्या.

हे तीन महिने म्हणजे नुसती वाट बघणं नाही, खरं काम तेव्हाच आहे, क्रेटचं, म्हणजे कुत्रा ज्यात बसून विमानातून जातो त्या पेटीचं. घरातली मोजपट्टी घ्या, कुत्र्याला सरळ उभं करा, एकाने बिस्कीट धरायचं, एकाने मापं घ्यायची. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्याची रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा ताठ कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, हिशोब असा की लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं, रुंदी म्हणजे खांद्याच्या दुप्पट, आणि उंची म्हणजे उभ्या कुत्र्याची पूर्ण उंची, वर अंथरुणाची जाडी. बाजीचं आलं ९६ अधिक २१ म्हणजे ११७ लांबी, आणि उंची ९३. बाजारात मिळणारा सगळ्यात मोठा प्लॅस्टिकचा क्रेट बाहेरूनच ८९ सेंटीमीटर उंच, म्हणजे यात त्याला मान वाकवूनच उभं राहावं लागलं असतं, आणि काउंटरवर असा कुत्रा परत पाठवतात, ते बरोबरच आहे, इतके तास मान वाकवून कोण उभं राहील. म्हणून प्लायवूडचा करून घेतला. सुताराला सांगताना हे विसरू नका की सांगाडा साध्या लाकडाचा असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, प्लायवूडला तो लागत नाही. हवेची भोकं चारही बाजूंना, त्यांना आतून जाळी, नाक किंवा पंजा बाहेर येता कामा नये. बाहेरून आडव्या पट्ट्या, म्हणजे शेजारी दुसरं सामान चिकटून हवा अडणार नाही, आणि कुत्रा धरून वजन ६० किलोच्या वर गेलं की खाली फोर्कलिफ्ट घुसेल एवढ्या फळ्या. पाण्याची आणि खाण्याची वाटी दाराला आतून पक्की, पण बाहेरून भरता येईल अशी. आमचे सुतारकाका आयुष्यभर देव्हारे आणि कपाटं करत आलेले, त्यांनी आतल्या प्रत्येक कडेवर पॉलिश पेपर फिरवला आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घालून कुठे कूस लागतेय का ते बघितलं, मुधोळची कातडी पातळ असते हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

क्रेट आला की हॉलमध्ये मांडा, दार काढून ठेवा आणि आठवडाभर त्याचं नावही काढू नका. आत आईची जुनी गोधडी घातली होती, न धुतलेली, घराचा वास असलेली. पहिले पाच दिवस बाजी फक्त मान आत घालून हुंगून परत यायचा. मग जेवणाचं ताट दाराशी, मग थोडं आत, मग पार मागे. तिसऱ्या आठवड्यात दुपारी तो आपणहून आत जाऊन झोपला, तेव्हा कुठे दार बसवलं, आधी दोन मिनिटं, मग दहा, मग आम्ही घराबाहेर, मग पूर्ण रात्र. शेवटी क्रेट टेम्पोत चढवून कात्रज ते खेड शिवापूर असा दोनदा फिरवला, हलणं, हॉर्न, दार आपटणं, सगळ्याची सवय व्हावी म्हणून. यात घाई अजिबात करू नका. झोपेची गोळी देऊ का असं प्रत्येक जण विचारतो, देऊ नका, उंचीवर रक्तदाब आणि श्वास दोन्ही बिघडू शकतात, तोल जातो, आणि गुंगीत दिसणारा कुत्रा एअरलाइन घेतच नाही. सवय लागलेला क्रेट हेच त्याचं औषध.

बुकिंगला मोठं विमानच बघा, मुंबईहून थेट. छोट्या विमानाच्या होल्डचं, म्हणजे पोटातल्या सामानाच्या जागेचं, दार बुटकं असतं, उंच क्रेट त्यातून जातच नाही, म्हणून पुण्याहून विमान बदलत जायचा विचार आम्ही सोडला. पैशाचं आधीच मनाशी धरून ठेवा, कार्गोत वजन क्रेटच्या आकारमानावर धरतात. आमचा बाहेरून १२२ गुणिले ७० गुणिले १०५, भागिले ६०००, म्हणजे २७ किलोच्या कुत्र्याचे १४९ किलोच्या वर. एप्रिल-मे टाळा, रात्रीची फ्लाइट घ्या. होल्डमध्ये हवेचा दाब केबिनइतकाच असतो, जिवंत प्राणी असलेल्या भागाचं तापमान सांभाळतात, आणि प्राणी आहे याची लेखी नोंद कॅप्टनच्या हातात जाते. हे कळलं तेव्हा माझ्या सासूबाई पहिल्यांदा शांत झोपल्या. आणि कागदावर मालक कोण ते आधीच ठरवा, कारण मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, नवरा आधीच जर्मनीला गेला होता, त्याच्या नावावर करून चालणार नव्हतं म्हणून सगळं माझ्या नावाने केलं.

शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या अॅनिमल क्वारंटाइन ऑफिसची वेळ घ्या, कुत्रा समोर नेऊन दाखवावा लागतो. मूळ लसकार्ड, टायटर रिपोर्ट, डॉक्टरांचं फिटनेस, तिकीट, पासपोर्ट, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र सही झाल्यापासून उतरून तपासणी होईपर्यंत दहाच दिवस चालतं, तेव्हा फार लवकरही करू नका.

निघायच्या दिवशी आम्ही चार-पाच तास आधी थोडा दहीभात दिला, पाणी शेवटपर्यंत. वाटीत पाणी भरून फ्रीजरला गोठवा, सांडत नाही, हळूहळू वितळतं. कार्गोला जायच्या आधी लांब फिरवा. मुधोळच्या अंगावर चरबी नसते, थंडी लवकर वाजते, जास्तीचं अंथरूण घाला. बाजीला आत सोडलं तेव्हा त्याने गोधडी पंजाने दोनदा उकरली, गोल फिरला आणि बसला, रोज दुपारी बसायचा तस्सा.

फ्रँकफुर्टला तपासणीत चिप वाचतात, कागद बघतात. तो हातात आला की क्रेटचं दार उघडायच्या आधी पट्टा आणि हार्नेस दोन्ही लावा, हा सशामागे धावायला घडलेला कुत्रा आहे आणि तिकडच्या शेतात ससे भरपूर. पाणी द्या, जेवण हलकं, क्रेट नव्या घरातही महिनाभर मांडलेलाच ठेवा. महापालिकेत कुत्र्याचा कर भरायला नाव नोंदवा, आणि त्याच आठवड्यात चिपचा नंबर तासो या तिथल्या हरवलेल्या प्राण्यांसाठीच्या फुकट नोंदणीवर नव्या पत्त्यासह आणि नव्या फोन नंबरसह चढवा, तोपर्यंत पट्टा हातातून सोडू नका.